बँक, बांक आणि नदीचा काठ

मुलीने बातम्यांत ‘वेस्ट बँक’ ऐकले आणि विचारले, ही कसली बँक? त्यावरून तुमचा प्रश्न: पैशांची बँक, नदीची बँक आणि आपल्या गोव्यातला बांक, म्हणजे बसायचा बाक, यांचे काही नाते आहे का?

आहे. आधी वेस्ट बँकचे उरकून टाकतो. जॉर्डन नदीचा पश्चिम काठ, एवढाच त्याचा अर्थ.

इंग्रजी कोशांत काठाची बँक आणि पैशांची बँक अशा दोन वेगळ्या नोंदी असतात, कारण दोघी वेगळ्या वाटांनी आल्या. काठवाली जुनी, 1200च्या आसपासची, नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या बोलीतून आलेली. पैशांवाली पंधराव्या शतकाच्या अखेरीस, इटलीहून फ्रान्समार्गे. पण मागे मागे गेलात की दोघींचे मूळ एकच जर्मॅनिक (इंग्रजी, जर्मन ज्या कुळातल्या, त्या कुळातला) शब्द निघतो, अर्थ साधारण ‘उंचवट्याची, फळीसारखी जागा’. नदीकाठचा बांध तसाच, बसायची फळीही तशीच. बेंच हा तर त्यांचा सख्खा भाऊ.

इटलीतले सराफ बाजारात फळी मांडून नाणी बदलून द्यायचे. ती फळी म्हणजे ‘बांका’, आणि फळीचे नाव धंद्याला चिकटले. आपला सराफकट्टा आठवा, नाव तसेच पडले आहे. आता तिथे कट्टा शोधून सापडायचा नाही. दिवाळखोराला इंग्रजीत ‘बँकरप्ट’ म्हणतात तेही इटालियन ‘बांका रोत्ता’वरून, म्हणजे मोडलेली फळी. बुडालेल्या सराफाची फळी लोक खरोखर फोडायचे, असे जिथे तिथे सांगतात. मला ती गोष्ट जरा जास्तच गोळीबंद वाटते. धंदा मोडला, लग्न मोडले असे आपणही म्हणतो. कुऱ्हाड कोण आणतो?

आता बांक. पोर्तुगीजमध्ये ‘बांकु’ म्हणजे बसायचा बाकही आणि पैशांची बँकही. 1961 पर्यंत गोव्यात ‘बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु’ या पोर्तुगीज बँकेचा कारभार होता, इथल्या नोटाही तीच काढायची. म्हणजे इगर्जीतला, चर्चमधला बांक आणि त्या नोटेवरचा बांकु हा एकच शब्द. मराठी शाळेतला ‘बाक’देखील पोर्तुगीजांकडूनच आला, हे घाटावरच्या मित्रांना सांगितले की ते आधी मानतच नाहीत. गोव्यात पर्वरीला हायकोर्टाचे जे बेंच बसते तेही याच घरातले; मराठीने तिथे ‘खंडपीठ’ केले, पण पीठ म्हणजे तरी आसनच ना!

बाकीचे अर्थ फुटवे आहेत. वळताना विमान एका अंगावर कलते त्याला ‘बँक होणे’ म्हणतात, ते काठाच्या उतारावरून. एखाद्यावर ‘बँक ऑन’ करणे, म्हणजे भिस्त ठेवणे, हे पैशांच्या बाजूचे. ‘ब्लड बँक’ हे नाव 1937 साली शिकागोत डॉ. बर्नार्ड फँटस यांनी दिले, आणि मराठीने तिला सरळ सावकाराची पेढी देऊन टाकली: रक्तपेढी.