प्रतापरावांना नेसरीवरून जोखायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ज्या सरनोबताने (म्हणजे सरसेनापतीने) उमराणीला हाती सापडलेला विजापूरचा सरदार बहलोलखान सोडून दिला, शिवाजी महाराजांचा रोष ओढवून घेतला आणि शेवटी नेसरीला सहा स्वारांनिशी शत्रूवर जाऊन जीव दिला, त्या प्रतापराव गुजरांना वीर म्हणायचं की बेजबाबदार? यावर एक बाजू म्हणते की रणात पडलेल्या माणसाच्या चुका काढणं हेच पाप. दुसरी म्हणते की फौज मागे ठेवून सेनापतीने मरायला जाणं हा त्या फौजेशी दगा. मला दोन्ही पटत नाहीत. दोघंही फक्त २४ फेब्रुवारी १६७४ या एका दिवसावर भांडतायत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. प्रतापराव वीर होते, पण नेसरीमुळे नव्हे. त्यांचं वीरपण शोधायचं तर साल्हेरला शोधा. नेसरी ही त्यांच्या आयुष्यातली दुर्दैवी आणि सेनापती म्हणून चुकलेली लढाई आहे, आणि हे म्हटल्याने त्यांचा अपमान होतो असं मला वाटत नाही.

आता उमराणी. मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने मूठभर माणसांनिशी पन्हाळा घेतला. तो परत मिळवायला विजापूरहून बहलोलखान निघाला आणि त्याला वाटेतच अडवण्यासाठी प्रतापरावांना पाठवलं गेलं. जतजवळ उमराणीला त्यांनी खानाला गाठलं, त्याचं पाणी तोडलं. एप्रिलचा उन्हाळा, तो मुलूख आणि पाण्यावाचून तडफडणारी फौज. खान रडकुंडीला आला. सभासदाच्या बखरीप्रमाणे (महाराजांचं जुनं चरित्र) त्याने निरोप पाठवला की मी आपण होऊन आलो नाही, विजापूरच्या बादशहाच्या हुकमाने आलो, यापुढे राजांशी वैर धरणार नाही. प्रतापरावांनी वाट दिली.

इथे बहुतेक जण 'दया दाखवली, हीच चूक' असं म्हणून पुढे जातात. मला ते नीट वाटत नाही. शरण आलेल्याला सोडणं हा त्या काळच्या युद्धातला काही जगावेगळा प्रकार नव्हता. महाराजांनी रागाने विचारलं ते बखरीच्या शब्दांत असं: 'सला (सलोखा) काय निमित्त केला?' हा प्रश्न नीट वाचा. राग दयेवर नाही, तहावर आहे. कुणाशी सलोखा करायचा, कोणत्या अटींवर, हे ठरवणं राजाचं काम. सरनोबताने रणात शत्रूला जेरीस आणायचं आणि पुढचं गडावर विचारायचं. प्रतापरावांनी आपल्या अधिकारात नसलेली गोष्ट केली, तीही खानाच्या तोंडी शब्दावर. कागद नाही, ओलीस नाही, खंडणी नाही. आणि खान पुन्हा पन्हाळ्याच्या रोखाने वळवळ करू लागला तेव्हा ती चूक सगळ्यांना दिसली. म्हणजे ठपका खराच होता. तो पुसून टाकायचा प्रयत्न करणाऱ्यांशी मी सहमत नाही.

मग महाराजांचा तो प्रसिद्ध निरोप: खानाला बुडवून फत्ते करणे, नाहीतर तोंड न दाखविणे.

ह्या निरोपाचं वजन कळायला आठ वर्षं मागे जावं लागतं, आणि हा भाग चर्चेत कुणीच आणत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. १६६६ च्या जानेवारीत पन्हाळ्यावरचा हल्ला फसला, कारण नेताजी पालकर वेळेवर पोचले नाहीत. 'समयास कैसा पावला नाहीस?' असं विचारून महाराजांनी त्यांची सरनोबती काढली. आणि ती दिली कुणाला? राजगड किल्ल्यापुरते सरनोबत असलेल्या कुडतोजी गुजर यांना. प्रतापराव हे नाव त्यांना तेव्हाच मिळालं. म्हणजे एका चुकीपायी सरनोबत कसा खाली येतो, हे ज्याने सगळ्यात जवळून पाहिलं तो हाच माणूस. त्याची पदवीच त्या घटनेतून आलेली. पुढे नेताजी आधी विजापूरकडे आणि मग मोगलांकडे गेले. त्यांचं काय झालं ते सर्वांना माहीत आहे. स्वराज्यात परत यायला त्यांना १६७६ उजाडलं.

तेव्हा दुखावलेल्या सरनोबतापुढे एक मळलेली वाट होतीच. विजापूरने प्रतापरावांना पायघड्या घातल्या असत्या, मोगलांनी तर मनसबच पुढे केली असती. त्या काळात सरदारांचं इकडून तिकडे जाणं रोजचं होतं. प्रतापराव गेले नाहीत. बोलणी खाल्ली, ती मनाला लावून घेतली आणि त्याच राजाच्या कामावर राहिले. त्यांच्या बाजूने बोलायचं तर मी हा मुद्दा सर्वात वर ठेवीन, नेसरीच्या धडकेच्याही वर.

आता प्रत्यक्ष नेसरी. आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र आहे, सात घोडेस्वार, मागे सगळी फौज उभी, समोर हजारो गनीम आणि हे सात बेभान होऊन सुटलेले, ते आपल्याला शाळेतल्या कवितेने आणि नंतर गाण्याने दिलं. सुंदर आहे, माझ्याही अंगावर काटा येतो. पण साधनं काय म्हणतात? सभासद लिहितो की मोठं युद्ध झालं, रक्ताच्या नद्या वाहिल्या आणि त्यात प्रतापराव तलवारीच्या वाराने पडले. सात जणांचं नावही नाही. जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या तारीखवार नोंदींत) शिवरात्रीच्या दिवशी ते पडल्याची त्रोटक नोंद आहे. सहा स्वारांचा आकडा येतो तो इंग्रजांच्या पत्रव्यवहारातून. त्यांचा दुभाषा नारायण शेणवी रायगडाकडे गेला होता. एप्रिल १६७४ च्या त्याच्या पत्रात म्हटलंय की दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव सहा स्वारांसह मारले गेले, कारण बाकीच्या फौजेची कुमक पोचली नाही.

हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. कुमक पोचली नाही. म्हणजे कुमक येणं अपेक्षित होतं. 'मरायचंच म्हणून सात जण निघाले' हे यातून निघत नाही. पुढे घुसलेला सेनापती आणि मागे रेंगाळलेली फौज यांच्यात अंतर पडलं आणि खिंडीत तो कापला गेला, असाही अर्थ सरळ लागतो. रागाच्या भरात ते फार पुढे गेले असतील, शक्य आहे. तो निरोप मनात सलत असणारच. पण जाणूनबुजून आत्मघात केला, असं छातीठोक सांगणारे पुराव्यापेक्षा कवितेवर जास्त विसंबतायत. गंमत म्हणजे त्यांना डोक्यावर घेणारे आणि त्यांना दोष देणारे, दोघंही याच एका चित्रावर उभे आहेत.

बरं, आत्मघात नव्हता असं धरलं तरी सेनापती म्हणून चूक उरतेच. अरुंद वाटेत, पाठीशी बळ नसताना सरनोबताने स्वतः आघाडीला असणं याला लष्करी शहाणपण म्हणता येत नाही. तुम्ही प्रश्नात प्रतापरावांची तुलना बाजीप्रभू आणि मुरारबाजींच्या बलिदानाशी केलीत, तिथे माझा आक्षेप आहे. जुलै १६६० मध्ये घोडखिंडीत बाजीप्रभूंचं काम होतं वेळ मिळवणं. महाराज विशाळगडावर पोचले आणि ते काम फत्ते झालं. १६६५ मध्ये पुरंदरावर मुरारबाजींनी दिलेरखानाच्या फौजेवर झडप घातली ती वेढा मोडायच्या प्रयत्नात, आणि ते पडल्यावरही किल्ला लगेच खाली झाला नाही. नेसरीला साधलं काय? खान जिवंत राहिला, पुढे विजापूरचा वजीरही झाला. फौज मात्र ऐन वेळी सरनोबतावाचून उघडी पडली. त्यानंतर जे सावरलं ते त्याच फौजेतल्या आनंदराव या सरदाराने. त्याने विस्कटलेली फौज गोळा केली, तिला कानडी मुलखात नेलं, संपगाव लुटलं आणि विजापूरकरांना धडा दिला. आनंदरावाचं नाव आज किती जणांना ठाऊक आहे? मला विचाराल तर त्या महिन्यातली सर्वात अवघड कामगिरी त्याची होती, पण त्यावर कुणी कविता लिहिली नाही.

महाराजांची प्रतिक्रियाही अर्धीच सांगितली जाते. 'आज एक बाजू पडली,' असं ते म्हणाल्याचं सभासद सांगतो, आणि हे वाक्य सगळीकडे येतं. पण त्याला लागूनच दोन गोष्टी आहेत. एक, फत्ते न करता तोंड दाखवू नये असं मीच लिहिलं होतं आणि त्यांनी तसंच करून बरं म्हणवून घेतलं, ही कबुली. दुसरी, आता लष्कराचा बंदोबस्त कसा होणार, सरनोबत कोण करावा, ही चिंता. दुःख, स्वतःचा वाटा आणि फौजेची काळजी, तिन्ही एका दमात. आपण फक्त दुःख उचललं. त्या निरोपाने माणसाला परतीची वाट ठेवली नव्हती हे खुद्द राजाने ओळखलेलं दिसतं. आपल्यालाच ते बोलायची चोरी वाटते. पुढे हंसाजी मोहित्यांना हंबीरराव हा किताब देऊन सरनोबती दिली आणि जूनमध्ये राज्याभिषेक झाला.

एक सावधगिरी मात्र हवी. सभासदाने बखर लिहिली जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. राजाराम महाराज प्रतापरावांचे जावई. जानकीबाई ही प्रतापरावांची लेक. तेव्हा त्या दरबारात सासऱ्यांच्या अखेरीबद्दल कुणी कठोर लिहिलं नसतं, आणि तशा ठिकाणीही 'सला काय निमित्त केला' हा ठपका लिहिला गेला, हे मला विशेष वाटतं. म्हणजे निदान त्या पिढीला माणसाची चूक आणि त्याचं मोठेपण एकाच पानावर लिहायला संकोच नव्हता.

आता साल्हेर. १६७२ च्या सुरुवातीला बागलाणात मोगलांच्या मोठ्या फौजेने साल्हेरला वेढा घातला होता. एका बाजूने मोरोपंत पिंगळे पायदळ घेऊन आले, दुसरीकडून प्रतापराव घोडदळ घेऊन. डोंगराच्या आडोशाने छापा घालून पसार होण्याची ही लढाई नव्हती, उघड्या मैदानात समोरासमोरची होती, आणि मोगल साफ मोडले. इखलासखानासारखा सरदार हाती लागला. मैदानात मराठे टिकत नाहीत हा समज तिथे मोडला. त्याच्याही आधी, १६६९ च्या अखेरीस औरंगाबादेत शहजादा मुअज्जमच्या छावणीत असलेली मराठी फौज पकडायचा हुकूम सुटला, तेव्हा निराजीपंत आणि प्रतापराव ती अख्खी फौज सुखरूप घेऊन निसटले. तलवार न उपसता. घाईचा, डोकं फिरलेला माणूस असलं काम करू शकत नाही, म्हणून नेसरीवरून त्यांचा स्वभाव ठरवणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, त्या सहा जणांची नावं मुलांना सांगावीत का हा. विसाजी बल्लाळ, दीपोजी राऊतराव, विठ्ठल पिलाजी अत्रे, कृष्णाजी भास्कर, सिद्दी हिलाल, विठोजी शिंदे ही नावं परंपरेने सांगितली जातात, पण वर दिलेल्या समकालीन पत्रात ती नाहीत. मुलांना सांगा, जरूर सांगा, फक्त 'परंपरेने अशी नावं सांगतात' एवढं जोडा. नावं कोणतीही असोत, उमराणीचा ठपका त्या सहा जणांवर नव्हता, तोंड न दाखवण्याचा निरोपही त्यांना आला नव्हता. सरनोबत पुढे गेला आणि ते त्याच्याबरोबर गेले. वीर म्हणायचं की नाही हा वाद त्यांच्या बाबतीत तरी मला कुठून सुरू करावा तेच कळत नाही.