चार महिन्यांच्या लेकराचा डोळा सारखा गळतो

प्रश्न : माझ्या मुलाच्या डाव्या डोळ्यातून जन्मल्यापासून पाणी गळतं. सकाळी पापण्या चिपडानं चिकटलेल्या असतात. सासूबाई म्हणतात, अंगावरचं दूध पिळ. एका दवाखान्यात लगेच ऑपरेशन सांगितलं. काय करू?
– एक आई, ता. जिंतूर, जि. परभणी

उत्तर : ताई, चार महिन्यांच्या लेकराला ऑपरेशनची घाई नको. डोळ्यातलं पाणी एका बारीक नळीनं नाकात उतरतं. काही बाळांच्या नळीच्या खालच्या तोंडाशी पातळ पडदा राहून जातो, म्हणून पाणी गालावर येतं. दहातल्या नऊ बाळांचा हा पडदा वर्षाच्या आत आपोआप उघडतो.

त्याला मदत करते ती मालिश, आणि तीच बहुतेक घरी चुकते. आया गाल चोळतात, नाहीतर पापणी. म्हणून मी आधी आईचंच बोट धरून तिच्या नाकाशेजारी फिरवते. नख कापा, हात धुवा. करंगळी डोळ्याचा आतला कोपरा आणि नाक यांच्या बेचक्यात टेकवा आणि दाबतच नाकाच्या कडेनं खाली ओढा. नखाखालचा गुलाबी रंग जरा फिका पडला की दाब बरोबर. कोपऱ्यातून चिकट पाणी वर आलं तर भिऊ नका, पुसून घ्या. असं दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. पाजायला घेतलं की करायचं, म्हणजे विसरत नाही.

चिपड उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसानं काढा, दर वेळी नवा बोळा. सासूबाईंची माया मला कळते, पण दुधानं नळी उघडत नाही. काजळही नको, तीट हवीच तर तळपायाला लावा. थेंब डॉक्टरांनी लिहून दिले तरच घाला.

मात्र डोळा लाल झाला, नाकाजवळ लालसर गाठ आली, ताप आला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. लेकरू उजेडात डोळे मिटून घेत असेल, बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसत असेल, तरी थांबू नका. तो काचबिंदू असू शकतो, आणि तिथं मालिशीचा उपयोग नाही.

वर्ष झालं तरी डोळा गळत राहिला, तर भूल देऊन बारीक तार घालून नळी मोकळी करतात. काही मिनिटांचं काम, टाका पडत नाही. बहुतेक बाळं त्याच दिवशी घरी जातात.