आधी सहन पाठव

पुणे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

सोमाली मुलखातल्या तुझ्या भटकंतीची यादी मिळाली. लास गील, बर्बेरा, डोंगरावरचं शेख गाव, झैला, दाल्लोचं जंगल, मोगादिशूच्या जुन्या मशिदी आणि हाफूनचं टोक. सात ठिकाणं, अठरा दिवस. भिंतीवरच्या नकाशावर मी बोट फिरवून पाहिलं आणि आधी खूप आनंद झाला. दहावीत आफ्रिकेचा आराखडा भरताना त्या शिंगापाशी पेन्सिल थांबवून बसायचीस, ती आता तिथे निघाली आहेस. पण यादीतली तीन ठिकाणं मी खोडणार आहे आणि एकावर प्रश्नचिन्ह ठेवणार आहे. कारण सांगते.

"घरीच तर जायचंय, बाई, त्याला कसलं नियोजन?" असं तू फोनवर म्हणालीस. माझा जीव तिथेच अडकलाय. परका माणूस भीत भीत विचारतो, दोनदा खात्री करतो. आपल्या माणसाला विचारायचा संकोच वाटतो. तू पाच वर्षांची होतीस तेव्हा हर्गेसा सुटलं, त्यानंतर तू कोंढव्यात वाढलीस. भाषा तुला येते, चेहरामोहरा तिथला आहे, अयेयो, तुझी आजी, तिथे आहे. त्यामुळे तुला सगळं ठाऊक असणार असं समोरचा धरून चालेल, आणि 'मला माहीत नाही' म्हणायला तुझी जीभ रेटणार नाही. म्हणून सांगते, २०१९ साली मी तिथे गेले तेव्हा मला जेवढी तयारी लागली त्याहून जास्त तुला लागणार आहे.

ती कशी करायची हे तुमच्याच लोकांनी ठरवून ठेवलंय. उंट-शेळ्या घेऊन मुक्काम हलवायच्या आधी एका जाणत्या माणसाला पुढे धाडतात. पाऊस कुठे झाला, चारा किती, विहिरीला पाणी आहे का, वाटेत कुणाशी तंटा आहे का, हे पाहून तो परत येतो आणि मगच घरं उंटांवर चढतात. या टेहळणीला सोमालीत 'सहन' म्हणतात. शब्द मराठी वाटतो, अर्थ अगदी वेगळा. आपल्याकडेही मेंढ्यांचा वाडा हलण्याआधी कारभारी पुढे जाऊन रान बघून येतो. तुझा सहन म्हणजे तुझे अब्ती. मामाला आजच फोन कर आणि ठिकाणागणिक विचार: गेल्या महिन्यात तिथे कोण जाऊन आलं? रस्ता कसा होता? वाटेत नाके किती? इंटरनेटवर दोन वर्षांपूर्वी कुणी काय लिहिलं, यापेक्षा गेल्या आठवड्यात त्या रस्त्याने ट्रक नेलेल्या ड्रायव्हरचा शब्द मोठा मान.

आता खोडलेली ठिकाणं. दाल्लो खोडताना हात जड झाला. एरिगावोच्या उत्तरेला पठार एकदम तुटतं, कड्यावर जुनिपरची झाडं आणि खाली दूर एडनचं आखात. त्याच डोंगररांगांत धूप देणारी झाडं आहेत. त्यातली मैदी तर उघड्या खडकाला फुगीर बुंध्याने चिकटून वाढते. पण दाल्लो सनागमध्ये येतं, आणि सूल व सनाग या भागांवर एकाहून अधिक सत्ता हक्क सांगतात. २०२३ साली सूलमधल्या लास आनोदमध्ये लढाई पेटली आणि लोकांना घरंदारं सोडून पळावं लागलं. इंग्रजांशी लढलेल्या दरवेशांचे तालेहचे किल्लेही त्याच टापूत आहेत, म्हणून 'वाटेत ते पण बघते' हा विचार नको. हाफून आफ्रिकेच्या मुख्य भूमीचं सगळ्यात पूर्वेकडचं टोक. ते पुंटलँड या वेगळा कारभार असलेल्या ईशान्य भागात, फार दूर; तिथला प्रवास आणि तिथली परवानगी हे स्वतंत्र प्रकरण आहे.

मोगादिशूबद्दल तू हट्ट करशील हे मला ठाऊक आहे. तिथल्या हमर वेन या जुन्या वस्तीतली १२६९ सालची फख्र अद-दीन मशीद पाहावी असं मलाही फार वाटतं. त्या शहरात लाखो लोक रोज कामाला जातात, लग्नं करतात, समुद्रावर फिरतात, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये लिडो किनाऱ्यावर अशाच फिरायला आलेल्या लोकांवर हल्ला झाला. तिथे तुझं सख्खं कुणी नाही, नेणारं-आणणारं नाही. पहिल्या खेपेला नको. शिवाय मोगादिशूची कागदपत्रं हर्गेसात आणि हर्गेसाची मोगादिशूत चालतील असं धरू नकोस. तुझा पासपोर्ट कोणता, त्यावर कुठे काय लागतं, हे दोन्हीकडे वेगवेगळं विचारायचं. हर्गेसा ज्याची राजधानी ते सोमालीलँड वेगळा देश की सोमालियाचा भाग, हा वाद नाक्यावर, टॅक्सीत, चहाच्या टपरीवर काढायचा नाही. तुझं मत असू दे, पण तिथल्या लोकांनी त्याची किंमत मोजली आहे, हे लक्षात ठेव.

झैलावर प्रश्नचिन्ह ठेवलंय. प्रसिद्ध अरब प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकात तिथे उतरला आणि मासळीच्या व कापलेल्या उंटांच्या वासाने हैराण होऊन रात्र जहाजावरच काढली. दोन मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारे कोनाडे, असलेल्या जुन्या मशिदीचे अवशेष तिथे आहेत, समोर प्रवाळाची बेटं आहेत. पण ते जिबूतीच्या सीमेजवळ, वाट खडतर. अब्ती स्वतः बरोबर येणार असतील आणि चार दिवस हातात असतील तरच.

उरली हर्गेसा, लास गील, बर्बेरा, शेख. एवढ्याला अठरा दिवस पुरतील आणि अयेयोच्या वाट्यालाही तू येशील.

लास गीलचा अर्थ उंटांची विहीर. दोन कोरड्या नद्या मिळतात तिथे ग्रॅनाइटचा उंचवटा आहे आणि त्याच्या कपारींत गाईच गाई रंगवलेल्या आहेत, तांबड्या, पांढऱ्या, पिवळसर. गळ्यावर पट्ट्यापट्ट्यांची नक्षी, शिंगं कमानीसारखी वळलेली, आणि गाईखाली हात पसरून उभा असलेला एवढासा माणूस. साधारण पाच हजार वर्षांपूर्वीची चित्रं असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २००२ च्या अखेरीस फ्रेंच पुरातत्त्वज्ञ तिथे पोचले तेव्हा जगाला कळलं, भोवतालच्या लोकांना आधीपासून माहीत होतं. आज त्या भागात झुडपं आणि शेळ्या दिसतात. इतक्या गाई पोसायच्या म्हणजे तेव्हा गवत किती असेल, पाऊस किती असेल! भूगोलाच्या बाईला त्या भिंतीसमोर रडू आलं, हे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

तिथे जायची लेखी परवानगी हर्गेसातल्या पर्यटन खात्याकडून आधी घ्यावी लागते. मी गुरुवारी संध्याकाळी पोचले, शुक्रवारी कचेरी बंद, एक अख्खा दिवस वाया गेला. चूक माझीच होती, आठवड्याची सुट्टी कधी एवढं साधं विचारलं नव्हतं. तू पोचलीस की दुसऱ्याच दिवशी तो कागद करून घे आणि तीन झेरॉक्स काढ. मी परदेशी म्हणून माझ्याबरोबर पोलीस द्यावा लागला होता. तुला लागतो का, हे अब्तींना विचारायला सांग. हर्गेसाहून जेमतेम तासाभराचा रस्ता, पुढचा थोडा तुकडा कच्चा. पहाटे निघ, कारण दहानंतर खडक तापतो. चित्रांना हात लावायचा नाही, फ्लॅश नाही. रंग उठून दिसावेत म्हणून कुणी पाणी शिंपडायला सांगितलं तर स्पष्ट नाही म्हण. राखणदाराशी बस, त्याच्याकडून गोष्टी ऐक, त्याला योग्य ते पैसे दे.

डॉ. सादा मिरे यांच्याबद्दल वाच. किशोरवयात यादवी युद्धातून जीव वाचवून त्या स्वीडनला गेल्या, पुरातत्त्वज्ञ झाल्या आणि परत येऊन धंबालिनच्या खडकांवरची मेंढ्यांची चित्रं जगासमोर आणली. त्यांचं म्हणणं मला फार पटलं. सोमाली लोकांचा वारसा वस्तूंपेक्षा ज्ञानात आणि हातातल्या कसबात जपला जातो, असं त्या सांगतात. भटक्या माणसाने दगडी वाडे कशाला बांधावेत? त्याचं घर, 'अकल', बायका विणलेल्या चटयांनी उभारतात आणि उंटावर लादून नेतात. अयेयोला अकल बांधता येतं का, हे तू कधी विचारलंस? तिच्या हातून गाठ कशी मारायची ते शिकलीस तर तेही ऐतिहासिक स्थळ पाहण्याइतकंच आहे. लास गीलइतकाच वेळ याला दे.

हर्गेसात चौकात उंच चौथऱ्यावर मिग विमान ठेवलेलं दिसेल. १९८८ साली याच शहरातल्या विमानतळावरून सोमाली सरकारचीच विमानं उडाली आणि याच शहरावर बाँब टाकून परतली. हजारो माणसं इथिओपियाकडे चालत गेली. त्यांत तुझी अयेयो होती, तुझी आई तिच्या पाठीवर. त्या स्मारकाचा फोटो काढून घरी गेल्या गेल्या तिला दाखवू नकोस. ती आपणहून बोलली तर ऐक, मध्ये प्रश्न विचारू नकोस, मोबाइल समोर धरू नकोस. नाही बोलली तर तेही तिचंच. हर्गेसाच्या सांस्कृतिक केंद्रात मात्र तिला घेऊन जा. तिथे जुन्या गाण्यांच्या आणि कवितांच्या हजारो कॅसेटी आहेत. त्या दिवसांत लोकांनी रेडिओच्या टेपा लपवून, जमिनीत पुरून वाचवल्या होत्या. तिच्या तरुणपणातलं एखादं गाणं लागलं तर मी नुसत्या उपदेशाने देऊ शकणार नाही असं काहीतरी तुला मिळेल.

बर्बेरा हिवाळ्यातच. जून ते ऑगस्ट तिथे पारा चाळीसच्या वर आणि अंगावर तापलेला वारा. पूर्वी ऐपत असलेली माणसं त्या दिवसांत शेखच्या डोंगरावर राहायला जात. म्हणून डिसेंबरअखेर ते जानेवारी धर. सध्या रमजान फेब्रुवारीच्या सुमाराला येतो. अयेयोबरोबर रोजे धरायचे असतील तर खुशाल राहा, पण मग भटकंती आधी उरक. हर्गेसा साधारण १३०० मीटरवर आहे, जानेवारीतल्या रात्री स्वेटर लागतो. आफ्रिका म्हणजे उकाडा, हे वर्गात मी कधी शिकवलं नव्हतं!

बर्बेऱ्याच्या जुन्या पेठेत, पडक्या तुर्की वळणाच्या घरांमधून चालताना एक गोष्ट आठव. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणवहीत हे बंदर 'मलाओ' नावाने आहे, आणि त्याच वहीत आपलं कल्याण, सोपारा आणि पैठणही आहे. पश्चिम भारतातून तांदूळ, गहू, तूप, तिळाचं तेल, सुती कापड तिकडच्या बाजारांत जायचं. त्या किनाऱ्यावरून धूप आणि हिराबोळ निघायचा. माझ्या आजीच्या बाळंतविड्याच्या डब्यातला हिराबोळ आणि तुझ्या अयेयोचा 'मलमल' एकच. पुढे इंग्रजांच्या काळात हा मुलूख १८९८ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्या कारभाराखाली होता आणि १९४१ पर्यंत तिथे रुपया चालत होता. तेव्हा कोंढवा ते बर्बेरा हा रस्ता तू पहिल्यांदा काढत नाहीयेस.

प्राण्यांविषयी एकच, पण कळकळीने. कुणी चित्त्याचं पिल्लू दाखवलं, कडेवर घेऊन फोटो काढ म्हणालं, तर लांब हो. ही पिल्लं आखाती देशांत विकण्यासाठी आईपासून तोडून आणलेली असतात. त्यापेक्षा शेखच्या वाटेवर गाडी थांबवून शांत बस. मागच्या पायांवर उभं राहून बाभळीचा पाला खाणारं लांब मानेचं हरीण दिसलं तर ते गेरेनुक. जगभर चालणारं हे नाव तुझ्या भाषेतून गेलंय.

कागदांचं पटकन सांगते. भारतात परत येण्याची सोय तुझ्या व्हिशावर आहे का, हे परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात जाऊन तिकिटाआधी विचार, तिकिटानंतर नव्हे. अदिस अबाबामार्गे येणार असशील तर पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी, मान्यताप्राप्त केंद्रातच, आणि त्याचं पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेव. डॉलरच्या नव्या, न दुमडलेल्या नोटा ने. तिथे भाजीवालीही मोबाइलवर पैसे घेते, म्हणून पोचताच तिथलं सिम घे. बंदर, विमानतळ, नाके, पोलीस यांचे फोटो काढायचे नाहीत. माणसांचे विचारून.

पुढच्या रविवारी घरी ये. मी मोठ्या कागदावर हर्गेसा ते शेख असा कोरा आराखडा काढून ठेवते, नद्या आणि डोंगर तेवढे दाखवून. तो सोबत ने आणि अयेयोसमोर पसर. ती शेखच्या रानात शेळ्या राखून वाढली, तुझ्या आईने सांगितलं होतं. कोणत्या विहिरीला काय म्हणायचे, कुठल्या उतारावर पहिला पाऊस पडायचा, हे ती सांगेल तिथे तू पेन्सिलीने लिही. शाईने नको, ती दोनदा बदलेल. येताना तो कागद माझ्यासाठी आण, आणि जमलं तर मूठभर मैदी.

तुझ्या
बाई