आनंदावर विरजण का पडते?

प्रश्न : विरजणाने चांगले दही लागते. मग ‘आनंदावर विरजण पडले’ असे वाईट अर्थाने का म्हणतात? ‘मेहनतीवर विरजण पडले’ हे बरोबर आहे का?

उत्तर : दही हवे असते तेव्हा विरजण आपण हाताने लावतो. वाक्प्रचारात ते नको असताना पडलेले असते, म्हणून अर्थ उलटतो. खिरीसाठी काढून ठेवलेल्या कोमट दुधात ताकाचा चमचा चुकून बुडाला, की काही तासांत ते दूध खिरीच्या कामाचे राहत नाही. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात, आंबटपणा वाढला की प्रथिने गोठतात, आणि दह्याचे पुन्हा दूध होत नाही. कारण चमचाभर, नासाडी पातेलेभर, हीच या शब्दाची छटा आहे.

दूध कोमट असावे लागते, हेही लक्षात घ्या. फ्रिजमधल्या गार दुधात विरजणाचे फारसे चालत नाही. तसेच मन रमले असेल तिथेच हा शब्द शोभतो: उत्साह, आनंद, आशा, सहलीचा बेत. ‘निघायच्या सकाळीच पावसाने झोडपले आणि पोरांच्या उत्साहावर विरजण पडले’ हे चपखल. मेहनतीवर मात्र पाणी पडते किंवा फिरते, कारण तिथे मन आंबत नाही, केलेले काम वाया जाते. प्रसंगाने घडले तर विरजण ‘पडते’, माणसाने मुद्दाम केले तर तो ते ‘घालतो’. ‘उत्साहाला विरजण लावले’ असे लिहू नये. लावायचे ते दुधाला.

आता खरे विरजण. अर्धा लिटर दूध उकळून, करंगळी सहज टिकेल इतके, म्हणजे साधारण ४० ते ४५ अंशांपर्यंत, निवू द्या. ताज्या दह्याचा एक छोटा चमचा त्यात मोडून ढवळा आणि भांडे हलवू नका. उन्हाळ्यात ५-६ तास पुरतात. थंडीत ८-१० लागतात, तेव्हा भांडे फडक्यात गुंडाळून ठेवावे. दूध फार गरम असेल तर जिवाणू मरतात आणि दही लागतच नाही. फार गार असेल तर दही लागायला वेळ लागतो, कधी तारही येते. विरजण जास्त झाले की दही आंबटते, पाणी सुटते. लागल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवले तर कवडी छान पडते.