बांधावरच्या तागावर उतरलेली फुलपाखरे

प्रश्न : आमची शेती चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. कोजागिरीच्या सुमारास बियाण्यासाठी राखलेल्या तागाच्या वाळत आलेल्या झाडांवर नारिंगी आणि निळसर-काळी फुलपाखरे शेकड्यांनी येऊन तीन दिवस मुक्कामाला होती; शेजारच्या केळीच्या बागेत मात्र एकही नव्हते. अमेरिकेत आयोवा राज्यात असलेल्या माझ्या पुतण्याने सप्टेंबरात तिथल्या शेतावर थांबलेल्या ‘मोनार्क’ फुलपाखरांची छायाचित्रे पाठवली होती, ती अगदी अशीच दिसतात. ही तीच का? आमचा सालदार म्हणतो, कपाशीवर फवारणी करताना तागावरही पंप फिरवून घेऊ.
— एक शेतकरी वाचक, जि. जळगाव

उत्तर : आधी फवारणीचे सांगतो. तागावर पंप फिरवू नका. फुलपाखराला पान कुरतडण्यासारखे तोंडच नसते, ते सोंडेने फक्त रस ओढते. आणि या जातींच्या अळ्या रुईच्या कुळातील झाडे-वेली सोडून कपाशीला शिवतही नाहीत. गुलाबी बोंडअळी ही एका बारीक पतंगाची अळी आहे, तिचा राग या पाहुण्यांवर काढण्याचे कारण नाही.

आपली फुलपाखरे मोनार्क नव्हेत, कारण मोनार्क भारतात आढळत नाही. पण पुतण्याच्या छायाचित्राशी साम्य वाटले यात आपली चूक नाही, कारण नारिंगी पंखांवर ठळक काळ्या शिरा असलेले आपल्याकडचे ‘स्ट्राइप्ड टायगर’ हे त्याचे अगदी जवळचे भाऊबंद आहे. निळसर ठिपक्यांचे ते ‘ब्लू टायगर’. अळीपणी खाल्लेल्या पानांतले विष अंगात साठवून पाखरांच्या तोंडाला कडू लागायचे, ही युक्ती या साऱ्या गोतावळ्याची आहे.

पुतण्याकडच्या मोनार्कची गोष्ट मात्र वेगळी आहे. उन्हाळ्यात जन्मलेले मोनार्क जेमतेम दोन ते सहा आठवडे जगते, परंतु शरदात निघणारी पिढी प्रजनन लांबणीवर टाकून आठ-नऊ महिने जगते आणि कधीही न पाहिलेल्या मध्य मेक्सिकोतील डोंगरांकडे, सुमारे 3,000 मीटर उंचीवरच्या ओयामेल या सूचिपर्णी वृक्षांच्या रानात, हजारो किलोमीटर उडत जाते. दिशा सूर्यावरून कळते; सूर्य दिवसभर सरकत असल्याने त्याचा हिशेब ठेवणारे घड्याळ त्यांच्या स्पर्शिकांमध्ये असते. रात्री गारठ्यात उडता येत नाही, म्हणून वाटेतल्या शेताच्या कडेच्या झाडांवर ती घोसाने लटकून राहतात. या रानाचा पत्ता शास्त्रज्ञांना 1975 च्या जानेवारीत लागला; तिथल्या गावकऱ्यांना तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

आता आपल्या तागाकडे वळू. पुन्हा थवा उतरला की जवळ बसून पाहा : फुलपाखरू वाळल्या शेंगेवर किंवा देठावर पाय खरवडते, सोंडेतून थेंबभर द्रव सोडते आणि तोच द्रव परत ओढून घेते. हे करणारे बहुतेक सगळे नर असतात. ताग आणि त्याच्याच जातीतला रानातला खुळखुळा यांत काही अल्कलॉइड (वनस्पतीत तयार होणारी कडवट, विषारी) द्रव्ये असतात, त्यांपासून नर मादीला रिझवणारा गंध तयार करतात. मागच्या पंखावर त्यासाठी छोटी काळी पिशवी असते. ताग वाळू लागला की त्याचा वास त्यांना लांबून ओढून आणतो. म्हणूनच शेजारच्या हिरव्या केळीच्या बागेत एकही नसताना आपल्या वाळक्या तागावर मात्र जागा पुरली नाही.

ब्लू टायगर प्रवासही करतात. दक्षिण भारतात ती पावसाळ्याआधी पश्चिम घाटाकडून पूर्वेच्या मैदानांकडे आणि पाऊस ओसरल्यावर उलट दिशेने जाताना दिसतात. पण थवा जमला म्हणजे स्थलांतरच चालले आहे, असे नव्हे. सावली, ओल आणि ताग यांसाठीही ती एकत्र येतात. थवा उठल्यावर सगळी एकाच दिशेने, न थांबता, तासन्‌तास जात राहिली तर तो प्रवास समजावा. तागावरून उठून पुन्हा तागावरच येत असतील तर तो मुक्काम.

बियाणे काढून घ्याल तेव्हा तागाची दहा-वीस झाडे बांधाच्या कडेला तशीच राहू द्या. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी ज्या रुईची पाने तोडता, तीही समूळ उपटू नका, कारण आपल्याकडच्या ‘प्लेन टायगर’ची अळी तिच्याच पानांवर वाढते. सालदाराला एकदा ती काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दाखवून ठेवा, म्हणजे तो तिला बोंडअळी समजून चिरडणार नाही.