रोजच्या गाडीने हौशी ऑटोक्रॉस करायचंय, डिस्क आणि ब्रेक पॅड कोणते घेऊ?

साताऱ्यात रोज वापरायची गाडीच ऑटोक्रॉसला, म्हणजे वळणावळणाच्या छोट्या ट्रॅकवर वेळ लावून पळवायला नेणार असाल, तर भोकं पाडलेल्या डिस्कच्या नादी लागू नका. तापून-निवून भोकांच्या कडेला बारीक चिरा पडतात. माझ्या जुन्या डिस्कवर नख फिरवलं की हाताला लागायच्या. कंपनीचीच साधी डिस्क बास.

पैसे पॅडवर घाला, सेमी-मेटॅलिक (धातूचा अंश मिसळलेले) घ्या. निव्वळ रेसिंगचे पॅड गार असताना नीट धरत नाहीत, सकाळी यवतेश्वर घाट उतरताना ते जिवावर बेतेल.

सगळ्यात आधी ब्रेक ऑइल बदला, हे लोक हमखास विसरतात! ते हवेतला ओलावा ओढतं, मग लवकर उकळतं आणि पेडल थेट तळाला जातं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं. नवे पॅड मोकळ्या रस्त्यावर रुळवूनच ट्रॅकवर उतरा.