वाचकांचे प्रश्न : रालामंडलला जाताना

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत सहा आणि नऊ वर्षांच्या मुलांना आणि सत्तरीच्या सासूबाईंना घेऊन इंदूरजवळच्या रालामंडल अभयारण्यात जायचं आहे. टेकडीवरच्या शिकारगाहपर्यंत, म्हणजे जुन्या शिकारी बंगल्यापर्यंत, सगळ्यांना जमेल का? काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : मुलं सहज चढतील. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना पायथ्याच्या सपाट वाटेवरच फिरवा. चढताना फक्त दम लागतो, गुडघे बोलतात ते उतरताना. उतारावरच्या मुरमावर सागाची वाळकी पानं पसरली की पाय सटकतो. म्हणून बूट खोल खाचांच्या तळव्याचे हवेत, उतरताना पावलं छोटी टाकावीत आणि पाय जरा तिरका ठेवावा. माणशी एक लिटर पाणी पुरेल.

होळकरांचं हे शिकारीचं रान १९८९ साली अभयारण्य झालं. बिबट्याचा वावर आहे, तेव्हा सकाळीच जा आणि मुलांना दोन मोठ्यांच्या मधे चालवा. वेळा, साप्ताहिक सुट्टी आणि वर जायला गाडी मिळते का, हे आधी विचारून घ्या.

दिवाळीत खरा त्रास कुसळांचा. गवत तेव्हा पिकलेलं असतं. कुसळाचं टोक सुईसारखं, त्यावर उलटे केस आणि मागे पिळलेली लांब शेपटी. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. असं करत बी जमिनीत शिरतं, आणि मोज्यातही. मागे ओढलं तर टोक तुटून आतच राहतं. मोजा काढून टोकाच्या बाजूनेच ओढा. जाड लोकरी मोज्यांपेक्षा गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट बरी.

थांबाल तिथे मुलांना सागाचं एखादं पडलेलं पान उन्हासमोर धरायला सांगा. या दिवसांत बरीच पानं जाळीदार दिसतात. एका पतंगाच्या अळ्या हिरवा भाग खातात आणि शिरा सोडतात. झाड मात्र सहसा मरत नाही.

प्रश्न : रानात एका वेलीच्या शेंगेला हात लागला आणि मुलीच्या हाताची आग झाली. घासून धुतलं तर आग वाढलीच. असं का?

उत्तर : शेंगेवर सोनेरी-तपकिरी मखमली लव होती का? मग ती खाजकुइली. तिची कुसं कातडीत रुततात, चोळलं की आणखी आत जातात आणि पसरतात. हात न चोळता त्यावर चिकटपट्टी दाबा आणि सरळ वर उचला. दर वेळी नवा तुकडा घेऊन चार-पाचदा करा, मगच गार पाणी आणि साबण. कपडे वेगळे धुवा. डोळ्यांत गेलं तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे.

प्रश्न : सागाच्या बिया, मोरपीस घरी आणले तर चालतं का?

उत्तर : नाही. अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही आणणं हा गुन्हा आहे, खाली पडलेलं असलं तरी. मुलांना आठवण हवीच असेल तर पडलेल्या पानावर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासू द्या. शिरांचा ठसा छान उमटतो.